माझं क्रेडिट कार्ड आणि जुबेदा खाला

त्या दिवशी अमरावतीच्या माझ्या पार्लरमध्ये सकाळपासून एकच बाई आली... तीही सुट्टे पैसे मागायला! कापसाचं सगळंच बिनसलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट.

शेतात पैसा नसला की बाजारात नसतो आणि बाजारात नसला की पार्लरमध्ये तर मुळीच नसतो. खर्च वाचवायला लोक सामूहिक विवाहात मुलींची लग्नं लावू लागले होते. नवरीच्या मेकअपच्या ज्या ऑर्डरींच्या भरवशावर मी पार्लर टाकलं, त्याच बंद झाल्या.

आणि मी मात्र आधीच मोठ्या हौसेने फिरती खुर्ची, स्टीमर, एसी... सगळं क्रेडिट कार्डावर घेऊन बसले होते. माझे मिस्टर प्रशांत नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात. तिथेही पाळ्या कमी झालेल्या.

दिवाळीत अकोल्याहून माझा मावसभाऊ मिलिंद आला. तो बँकेत कामाला, म्हणून त्याच्यासमोर बिलं ठेवली. बघून म्हणाला, "ताई, तू तर नुसतं व्याजच भरून राहिली. मुद्दल जिथल्या तिथंच हाय!" मी दर महिन्याला 'कमीत कमी भरायची रक्कम' भरायचे आणि स्वतःला शहाणी समजायचे...

त्यानेच मला बॅलन्स ट्रान्सफर समजावलं. दुसऱ्या बँकेचं नवं कार्ड घ्यायचं, ती बँक जुन्या कार्डाची थकबाकी भरून टाकते आणि सहा महिने त्यावर व्याज लावत नाही. सुरुवातीला एकदाच थोडी फी. मात्र एकही तारीख चुकवायची नाही, सहा महिन्यांत सगळं फेडायचं आणि नव्या कार्डावर नवी खरेदी अजिबात करायची नाही... नाहीतर पुन्हा तेच चक्र.

नवं कार्ड घेतलं, थकबाकी त्यावर गेली. प्रशांत म्हणाले, "आता कार्ड कापूनच टाक." पण मला धीर होईना. उद्या घरात कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर? आणि पर्समध्ये ठेवलं तर माझाच माझ्यावर भरवसा नव्हता.

माझ्या शेजारी जुबेदा खालाचं बांगड्यांचं दुकान. पन्नाशीची, ठसक्यात बोलणारी बाई; सगळ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी. कार्ड तिच्याच हातात दिलं आणि सांगितलं, दवाखाना सोडून कशालाही मागितलं तरी द्यायचं नाही. खालाने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढ्याशा पत्र्याले एवढी भेते तू?"

पुढचे काही महिने आयब्रो, हेअरकट, शाळेच्या गॅदरिंगचे मेकअप... जे मिळेल ते केलं. दर महिन्याला भरत गेले आणि पहिल्यांदाच आकडा खरोखर खाली येताना दिसला. पण उन्हाळा लागला तेव्हा मुदत संपत आली होती आणि बरीच रक्कम अजून बाकी होती. माझी झोप उडाली.

अशाच एका दुपारी खाला पार्लरमध्ये येऊन खुर्चीवर बसली. "अंजनगावले सामूहिक लग्न हाय. नवऱ्याईले चुड्या भराले मी जाऊन राहिली. तू काहून नाही येत?"

मी म्हटलं, "खाला, त्या लग्नांनीच तर माझा धंदा बसवला."

"अवं, एका मांडवात पंचवीस नवऱ्या हायेत! त्याईले कोणी सजवून राहिलं का? एकीपासून थोडेच घे... पण पंचवीस हायेत ना?"

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं!

लगेच सामानाची यादी केली आणि खालाकडे हात पसरला. "आता तरी कार्ड द्या. फाउंडेशन, पिना, गजरे... सगळं आणायचंय." खालाने बांगड्यांची पेटी धाडकन बंद केली. "दवाखाना हाय का हा?" मला खरंच राग आला. धंद्याची गोष्ट होती, चैनीची नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीत बसवून अंजनगाव सुर्जीला नेलं, थेट विवाह समितीच्या अध्यक्षांसमोर. "हे पोरगी तुमच्या साऱ्या नवऱ्या सजवते. अर्धे पैसे आगाऊ द्या." अध्यक्षांनी थोडी घासाघीस केली, पण दिले! रोख पैशांत सामान आलं.

लग्नाच्या दिवशी माझ्याकडे पार्लरचं काम शिकणाऱ्या दोन मुलींना घेऊन पहाटेच पोचले. एका शाळेच्या वर्गात ओळीने नवऱ्या बसलेल्या. एकीकडे खाला बांगड्या भरतेय, दुसरीकडे आम्ही वेण्या घालतोय. कोणी लाजतेय, कोणी रडतेय, कोणी "मॅडम, मले अजून लाल लिपस्टिक लावा" म्हणून हट्ट करतेय... एका नवरीने आरसा हातात घेतला तो खाली ठेवीचना. तिची आई म्हणाली, "दे ना वं, बाकीच्याईले पाहू दे!" सगळा वर्ग हसला. थकवा कुठच्या कुठे पळाला.

तिथूनच आणखी दोन सामूहिक विवाहांची कामं मिळाली. मुदत संपायच्या आत शेवटची रक्कम भरून मी खालाकडे गेले. तिने माझा हात ओढला आणि हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. "पैसे मंग दे," ती म्हणाली.

"नाही खाला, रोख घ्या. उधारी बंद!"

ती इतकी हसली की हातातली बांगडीच फुटली.

आज माझ्याकडे चार मुली काम करतात. खालाचं दुकान आता तिची सून बघते. कोणतीही नवरी मेकअपचं विचारायला आली की मी आधी तिला शेजारी पाठवते... बांगड्या भरून ये म्हणते, मग आपण बाकीचं ठरवू.