बापूरावाच्या भिंतीमागच्या मुंग्या

अख्ख्या धावडा गावात माझ्याइतकं डोकं कुणाला न्हाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आता त्याच डोक्यानं ऐन पोळ्याला मला कारल्याच्या ताटावर बसवलं, हे मात्र कुठं बोलू नका!

निजामाचा अंमल होता तवाची गोष्ट. जालन्याच्या डॉक्टरनं माझी लघवी काचेच्या नळीत औषध घालून तापवली. नळी विटेसारखी लाल झाली! "साखर आहे. गूळ बंद, भात बंद. रोज चालायचं."

"अन् न्हाई ऐकलं तर?"

"आधी पाय जातील, मग डोळे, मग तुम्ही."

मी कशाला भितो? मी त्या साखरेला बजावलं, अंगात राहायचं तर राहा बाई, पण माझ्या गुळाला आडवी यायचं न्हाई!

पण कारभारीण आडवी आली ना! तिनं गोठ्यामागं एक फरशीच नेमून दिली. "रोज लघवीला इथंच बसायचं. मुंग्या लागल्या की मी समजंन, गूळ खाल्लाय."

मंग काय, गूळ खाल्ला की मी पहाटं शेजारच्या बापूरावाच्या भिंतीमागं जाऊन यायचो अन् फरशीवर निस्तं तांब्याभर पाणी ओतायचो. कारभारीण खूश, मी खूश, मुंग्या तर लईच खूश!

चार दिवसांनी बापूराव धापा टाकत आला. भिंतीमागची ती जागा त्याची रोजची!

"शिरप्या, मेलो रे! तुझ्यासारखी साखर मला बी झाली! माझ्या जागेला मुंग्या लागून राह्यल्या!"

खरं सांगायला पाहिजे होतं का न्हाई? पण एवढा बैलासारखा गडी लटलट कापताना पाहून माझ्या पोटात हसू मावंना. तोंड पाडून म्हणलं, "गूळ बंद कर. बिलकुल बंद."

त्यानं केला. मुंग्या हटंनात. कशा हटतील? खाणारा मी होतो! त्यानं भात सोडला, केळी सोडली, कारल्याचा रस धरला, रोज टेकडीपर्यंत चालून यायला लागला. मी गुळाचा खडा वाढवला की बापूराव एक घास कमी करायचा!

अन् आला पोळा. दरसाल माझं पुरणाचं जेवण बापूरावाकडं. बैल मिरवून झाले, मी हात धुऊन बसलो. ताटात काय? भाकर, मेथी अन् कारलं!

"पुरण कुठंय?"

"घरात गूळच ठेवला न्हाई. तुझा माझा आजार एकच ना." त्यानं डोळे पुसले. "पोरीची सोयरीक बी थांबवली रे. वाचलो तर बघू."

पोरीसाठी म्हणा, पुरणासाठी म्हणा, मी सगळं कबूल करून टाकलं. वाटलं, आता ह्याचा आसूड निघतो! पण बापूरावानं आपल्या ताटातलं कारलं उचलून माझ्या ताटात टाकलं.

"शिरप्या, गूळ तू खाल्ला, पथ्य म्या केलं. आता तुझ्या वाटचं मरायचं बी म्याच का?"