पायरीवर बसून घरी जाणारी

संध्याकाळी बहिणीचा फोन आला की आमची शेजारीण डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचायची, आमच्या पायरीवर टेकायची आणि मला सांगायची, "थांबजो बाई, मी जरा घरी जाऊन येतो."

घर म्हणजे इंडोनेशियातलं एक चिमुकलं बेट. जहाजावर इंजिनाचं काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यानं तिला तिथून लग्न करून नाचणगावला आणली. बेटाची भाषा निराळीच. तिथली पोरंसोरं आता देशाची मोठी भाषा बोलतात; बेटाची भाषा बोलणारी म्हातारी माणसं थोडकी उरलेली, आणि हिच्याशी बोलणारी एकटी ती बहीण.

वऱ्हाडी मात्र तुम्ही तिचीच ऐकायला हवी होती. भाजीवाल्याला म्हणायची, "काऊन रे, वांगे हायेत का गोटे?"

मीही एकदा तिची भाषा शिकायला बसले. मला चार भाषा येतात असं मी माहेरी सांगत असते. त्यातल्या दोन मराठीच आहेत. माझं पहिलंच वाक्य ऐकून ती पोट धरून हसली. "राहू दे बाई. जीभ हाय का लाटणं?"

"मग लेकीला का नाही शिकवलीस?"

हसू थांबलं. "सासू म्हने, पोरगी शाळेत मागं राहीन. मले वाटलं, बहीण हाय ना बोलाले."

गेल्या वर्षी बहीण वारली. तरी ही पायरीवर यायची, पदर डोक्यावर तसाच ठेवून. "मनातल्या मनात बोलतो," म्हणायची, "पन समोरून कोनी हूं नाई म्हनत."

पुढे तिला मेंदूचा झटका आला. वर्ध्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा वऱ्हाडी पार पुसली गेली होती. उरली ती बेटाची भाषा, आणि तीत ती भरभरून बोलत होती. नर्स म्हणाली, "बडबडतात." लेकीनं माझा दंड धरला. "काकू, तुमी बसत होत्या ना मायजवळ? काय म्हनून राह्यली थे?"

मला काय कळणार!

शेवटच्या दुपारी माझ्याकडे बघत ती सावकाश काही बोलली आणि आवाज चढवून थांबली. प्रश्न होता, इतकंच उमगलं. तिनं पुन्हा तेच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले.

लेक अजून विचारते, "मायनं काय विचारलं होतं, काकू?"

मी सांगते, "पोरगी जेवली का, म्हणत होती."