मागच्या सीटवरची वांगी

सख्ख्या मोठ्या बहिणीला एरंडोलच्या हॉटेलवर विसरून मी पारोळ्यापर्यंत गेलो. गाडी नवी होती, रस्ता नवा होता, डोकं तेवढं जुनं होतं.

गाडी घेतली त्या हिवाळ्यापासून तिचं एकच रडगाणं. मागच्या डाव्या सीटवर माणूस बसलाय, त्याला पट्टा लावा. मागे तर कोणीच नाही! टिंग टिंग ऐकत मी अख्खं जळगाव हिंडायचो. बायको म्हणायची, "भूत असेल. जिवंत माणूस कोण बसतोय तुमच्या गप्पा ऐकायला?"

दोनदा सर्व्हिस सेंटरला नेली. चारचौघांत शोभा नको म्हणून आदल्या दिवशी धुऊन, पुसून, आतलं सगळं उपसून. तिथला मेकॅनिक लॅपटॉप जोडायचा, एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, काहीच वाजत नाही." दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलंसुद्धा, "मागं काही ठेवता का?"

"काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

यात मी खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात गाडीत भरताची वांगी असणं म्हणजे टायरात हवा असण्यासारखं. कोणीतरी शेतातून पोतंभर देतं, आपण ती घरोघर पोचवतो, आणि तिथून कळण्याच्या भाकरीचं पीठ घेऊन निघतो. ते सामान थोडंच? डिकीत टाकलं असतं, पण तिथे कोरी चटई अंथरली होती. तिला माती लागली असती.

शेवटी मीच इलाज केला. पट्ट्याच्या टोकाला असते तशी नुसती पत्र्याची जीभ बाजारात मिळते, ती आणली आणि मागच्या खाचेत खोचली. टिंग टिंग बंद! स्क्रीनवर मागे हिरवा माणूस दिसायला लागला, पट्टा लावून शिस्तीत बसलेला. गाडी बनवणाऱ्या सगळ्या इंजिनिअरांना मी एका पत्र्यात गुंडाळलं, असं आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो.

त्यातच धाकट्या भावाला मुलगी झाली. बारसं धुळ्याला, त्याच्या सासरी, पाळणा बाराचा. नाव ठेवणार आत्या, म्हणजे आमची अक्का. नाव तिनं कोणाला, अगदी भावालाही, सांगितलं नव्हतं. ती पोचली नाही तर पोरगी बिननावाची. आणि तिला पोचवायचं काम मी हौसेनं मागून घेतलेलं.

अक्का मागे डावीकडे बसली, वांग्यांचं पोतं तिच्या शेजारी सरकवलं. एरंडोलला चहा झाला, अक्का हात धुवायला आत गेली, मी गाडीत येऊन बसलो. दार आपटल्याचा आवाज आला. तो शेजारच्या जीपचा होता हे नंतर कळलं. स्क्रीनवर पाहिलं, हिरवा माणूस जागेवर. निघालो. आरशात बघायला हवं होतं, पण आरसा मी माझ्या मिशीच्या सोयीनं लावलेला.

वाटभर अक्काला त्या पत्र्याची कहाणी ऐकवली. ती मध्ये एकदाही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला माझं कौतुक वाटतंय, असं वाटून मी आणखी रंगवली. तेवढ्यात स्क्रीनवर तिचाच फोन. "अक्का, तुझा फोन मांडीखाली दबतोय गं," म्हणत मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला.

पारोळ्याला भावाचा फोन. "अक्का कुठंय?"

"मागे बसलीय."

"मग एरंडोलच्या हॉटेलातून मला शिव्या कोण देतंय?"

मागे वळून बघितलं. कुठल्याशा वळणावर पोतं घसरून अक्काच्या जागेवर बसलं होतं.

गाडी उलटी हाकली. अक्का रस्त्याच्या कडेला उभी होती, पाळण्यातल्या बाळाची झबली छातीशी धरून. तिनं मागचं दार उघडलं, पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. राग आला की ती अहिराणीत उतरते. "मी काय वांगासपेक्षा हलकी शे का रे?"

खाचेतला पत्रा तिनं उपटून रस्त्यावर फेकला आणि पुढे येऊन बसली. गाडी हलली, टिंग टिंग सुरू. "थांब," म्हणाली. उतरली, पोतं उचललं, डिकीतल्या कोऱ्या चटईवर आदळलं, परत येऊन बसली. धुळ्यापर्यंत गाडी चकार शब्द बोलली नाही. अक्काही नाही.

पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. बाळ रडून रडून झोपलेलं, पाळण्याभोवतीच्या बायका दाराकडे डोळे लावून. अक्कानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि पाठीवर पडणारे धपाटे हसत झेलले. मी हळूच भिंतीला टेकून उभा राहिलो. वाटलं, विसरले सगळे.

पेढे देताना भावाच्या सासूबाईंनी विचारलं, "बाळ-बाळंतिणीला जळगावला न्यायला गाडी कोणाची?"

"मी आहे ना!" मी एक पाऊल पुढे झालो.

अक्कानं मान वर न करता पेढ्याचा तुकडा मोडला. "त्यानी गाडीमा नको. एस्टीमा लई जावा. तठे कंडक्टर तरी मानसे मोजस."