वरच्या रेघेवर डोळा

पहिल्यांदा दिसेनासं झालं ते माझंच तोंड. सकाळी कुंकू लावायला आरशासमोर बसले, तर आरशात केस होते, कान होते, गळ्यातली पोत होती आणि मध्ये नुसता राखाडी डाग. डोळे चोळले, आरसा पुसला. डाग तिथंच. मग चाचपून कुंकू टेकवलं आणि उठले. हळूहळू सगळ्यांचीच तोंडं गेली. भाजीवाली दारात आली की तिची टोपली दिसायची, ती नाही. रविवारी सकाळी देवाची मालिका लागली की आमची मेहरूणची गल्ली टीव्हीपुढे हात जोडून बसायची. मला त्या देवांची धडं तेवढी दिसत. आणि मेलं, त्या डागात कधीकधी भलतीच माणसं येऊन बसायची. लहान चणीची, फेटेवाली, भिंतीला टेकून, मुकाट. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला भगतापुढे नेऊन बसवलं असतं.

डॉक्टर म्हणाले, "अक्का, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, आंधळ्या होणार नाही तुम्ही." मी विचारलं, "आणि वाचन?" तर म्हणाले, "ते आता दुसऱ्याकडून करून घ्या." किती सहज बोलले हो! मी उभी हयात शाळेत बाराखडी शिकवलेली बाई. त्याहून मोठं म्हणजे सासूबाईंनी जाताना पोथी माझ्या हाती दिली होती. दर श्रावणात गल्लीतल्या बायका ती ऐकायला माझ्या ओसरीवर जमत. निम्म्यांना अक्षरओळख नाही. पोथी त्यांना ठाऊक ती माझ्याच तोंडून. ह्यांनी एकदा वाचून पाहिलं. पण वरणगावच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, ओव्या वाचल्या त्या हजेरी घेतल्यासारख्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी पोथी बासनात बांधून ठेवली आणि देवाशी बोलणं टाकलं. रागच आला होता मला. जन्मभर ज्याचं वाचलं, त्यानं वाचणारीचेच डोळे घ्यावेत?

पुढचा श्रावण तोंडावर आला तेव्हा धुळ्याच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, मला बळंच एकवीरा देवीला घेऊन गेल्या. दुपारची वेळ, देऊळ जवळजवळ रिकामं. वन्सं नारळ वाढवायला बाहेर थांबल्या, मी देवीसमोर उभी राहिले. शेंदूर दिसला, मुकुट दिसला, हिरवं लुगडं दिसलं. तोंडाच्या जागी तोच डाग. "तू पण का गं आई?" एवढंच निघालं माझ्या तोंडून, आणि मी खांबाशी बसून रडले.

तेवढ्यात डाव्या हाताला कुणी तरी येऊन टेकलं. बाईमाणूस होतं. ओल्या मातीचा वास आला. "समोर देखू नको वं माय," ती म्हणाली. "वर देख. मुकुटना वर. मंग तोंड दिखी." मी तिच्याकडे वळायला गेले तशी म्हणाली, "मनाकडे बी देखू नको." तिच्याकडेही बघायचं नाही! अंगावर सर्रकन काटा आला. मान तशीच ठेवून मी मुकुटाच्या वरच्या अंधारात बघत राहिले. आणि खालून, पाण्यातून वर यावं तसं, देवीचं तोंड आलं. नथ, ओठ, ते मोठे डोळे. कितीतरी महिन्यांनी मला तोंड दिसत होतं. वाटलं, आजवर मी तिला बघत होते, आता ती मला बघतेय. श्वास घ्यायची भीती वाटली.

"पोथी बी तशीच," ती माझ्या कानाशी म्हणाली. "अक्षर बठ्ठा वरली रेघले टांगेल शेतस, दोरीले कपडा टांगेल ऱ्हातस तशा. डोया रेघना वर ठेव. डोया हालू देऊ नको, पान सरकाव." सगळी अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली, म्हणून डोळा रेघेच्या वर! पण पोथीचं मी तिला काही बोललेच नव्हते.

मी वळले, तर डागाशिवाय काही नाही. पण त्याचं नवल तरी काय सांगू, त्या दिवसांत मी जिच्याकडे वळे ती नाहीशीच व्हायची. वन्सं आल्यावर त्यांना विचारलं. "होती ना एक बाई, वहिनी. तुमच्या कानाशी लागलेली. तोंड नाही दिसलं, पदर फार खाली ओढलेला होता." आवारात पाहिलं, कुठं नव्हती. ती कोण, हे मला आजही माहीत नाही.

घरी येऊन पोथी सोडली. पोथीची पानं सुटी, आडवी, अक्षर ठसठशीत, सरकवायला सोयीची. पण डोळा ऐकेल तर शपथ! तो अक्षरावर जाऊन बसायचा आणि अक्षर गिळून टाकायचा. डोकं भणभणायचं, मळमळायचं. ह्यांनी दिवा जवळ ओढून दिला आणि चेष्टाही केली, "पोथी वाचतेस की भिंतीवरची जळमटं?" शेवटी एक दिवस मी इतकी दमले की धडपडच सोडली. डोळा रेघेच्या वर नुसता ठेवून दिला आणि म्हटलं, आई, तुला दाखवायचं तर दाखव. खाली 'श्री' उमटलं. मला रडू फुटलं आणि ते पुसलं गेलं, पण आता ते कुठं असतं हे कळलं होतं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी बायकांना बोलावलं. नजर वर ठेवली, पान सरकवत वाचू लागले. असोद्याहून लग्न होऊन आलेली शेजारीण घाबरून म्हणाली, "अक्का, आमच्या मागे कोनाले पाहून राहिल्या तुम्ही?" सगळ्या वळून भिंतीकडे बघू लागल्या. भिंतीशी ती मुकाट माणसं बसली होती खरी. पण त्या दिवशी मला भीती वाटली नाही. ऐकायला आलेत, ऐकू देत म्हटलं.

पूर्वी मी पोथी घडाघडा वाचायची आणि मनात कुकरच्या शिट्ट्या मोजायची. आता अक्षर मी घेत नाही, देवी देते तेव्हा मिळतं. माझे डोळे तिनं परत दिले नाहीत. मागायचंही सुचलं नाही मला, एवढं भरून दिलं. मी कशी उतराई होऊ?

त्या दिवशी एका ओवीपाशी सवयीनं पानाकडे सरळ पाहिलं, तर पान कोरं.

"अक्का, पुढे?" कुणीतरी विचारलं.

मी डोळा वर नेला, हात पानावर ठेवले.

"थांब गं," म्हटलं, "येऊ दे."