धारवालीची करंगळी

माझी धाकटी जाऊ सुऱ्या-कात्र्यांना धार लावायची. बाजारामागच्या गल्लीत तिचं एका दाराचं दुकान. आत मोटरवर फिरणारं दगडी चाक, खाली पाण्याचं डबडं आणि कोपऱ्यात खाटकांच्या सुऱ्यांचा ढीग. सगळे तिला धारवालीच म्हणत. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, पैलवान म्हणत. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. हात चालायचा तो घरात. त्याने तिचे दात पाडले होते. एकदा बरगडीत लाथ घातली, तेव्हा मीच तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं होतं.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी पेन्शन निघाली, तेव्हा तिने नाव घातलं. मी सोबत होते.

"नोकरी असती तर अर्धा हप्ता मालकाने भरला असता," कारकून म्हणाला. "तुम्हाला सगळा स्वतःच भरावा लागेल."

"माझा मालक घरी झोपलाय," ती म्हणाली. "भरा म्हटलं तर मलाच भरडेल."

अंगठा द्यायची वेळ आली तर मशीन तो घेईना. चाकावर पाती दाबून दाबून तिची बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. कारकून म्हणाला, "ठसा नसला तरी भरता येतं. फक्त साठीच्या आत पैसे काढता येणार नाहीत. साठीला ओळखीचं माणूस घेऊन समोर उभं राहायचं, की पेन्शन सुरू."

तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. काम करताना ती करंगळी उचललेली ठेवायची. धंदा शिकवताना बापाने तशी सवयच लावली होती. त्या एका बोटावर रेघा शाबूत होत्या. मशीनने ते बोट लगेच घेतलं.

"असू दे," बाहेर आल्यावर ती मला म्हणाली. "पोरीचं काही दुखलं-खुपलं तर काढता येतील."

पुढे पोरीचं लग्न झालं, ती सुखात राहिली. पैसे काढायची वेळ आली नाही. अंगात ताप असला तरी धारवालीने चाक थांबवलं नाही की हप्ता चुकवला नाही. "हात थकतील तेव्हा कुणाच्या दारात उभं राहायला नको, ताई," एवढंच तिचं म्हणणं.

पैलवानाला मात्र जुना टेम्पो घ्यायची हुक्की आली आणि त्याची नजर त्या पैशांवर गेली. तिने नाही म्हटलं. मग एका सकाळी पाठीला सुरी लावून त्याने तिला ऑफिसात नेलं. सुरी तिनेच धार लावलेली. तिने मुकाट्याने अंगठा ठेवला. मशीन घेईना. पुन्हा ठेवला, तरी घेईना. खिडकीतली नवी मुलगी बिचारी मदत म्हणून बोलली, "मावशी, नोंद डाव्या करंगळीची आहे."

धारवालीने मूठ मिटली आणि सरळ दुकानात निघून आली; चारचौघांत त्याला सुरी दाखवता येईना.

मी शिवणाची कात्री न्यायला तिथेच बसले होते. पाठोपाठ पैलवान शिरला. त्याने तिच्या तोंडावर गुद्दा मारला. ती सुऱ्यांवर पडली, दंड फाटला. मी मध्ये गेले तर मला भिंतीवर भिरकावलं.

"बोट तुझ्यासोबत येत नसेल तर मी एकटं बोट नेतो," तो म्हणाला. तिचा डावा पंजा त्याने चाकाशेजारच्या लाकडी ठोकळ्यावर दाबला आणि सुरा उचलला.

"तोडलेलं बोट मशीन घेत नाही," तोंडातलं रक्त थुंकत ती म्हणाली. "हात सोडा. धुते, आणि येते तुमच्यासोबत."

त्याने हात सोडला. ती डबड्याकडे वाकली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. चाक घुमायला लागलं. जन्मभर जपलेली ती करंगळी तिने चाकावर दाबून धरली.

लोखंडाचा आवाज मला सवयीचा होता. हा तसा नव्हता. भिंतीवर रक्ताची रेघ उडाली, डबड्यातलं पाणी लाल झालं. ती ओरडली नाही. हात वर केला तेव्हा बोटाच्या टोकाला पांढरं हाड दिसत होतं.

"घ्या," ती म्हणाली. "न्या आता कुठे न्यायचं ते."

त्याने तिचे केस धरले आणि तिचा चेहरा त्याच चाकाकडे रेटला. माझ्या हाताला खाटकाचा कोयता लागला. मी तो त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. कोयता उलटा पडला, पाठीकडून. ती बुद्धी देवाने दिली असं मी मानते, कारण मला तेव्हा कुठलीही बाजू चालली असती.

पैलवान हात पोटाशी धरून गेला तो गावच सोडून गेला. तिच्या बोटावर कातडी परत आली, रेघा आल्या नाहीत.

साठीला मी तिच्यासोबत गेले. ऑफिसरने मला विचारलं, "ह्याच का त्या?"

"ह्याच," मी म्हटलं. पेन्शन सुरू झाली.

ही बातमी पैलवानाला कुठून कळली देव जाणे. एका दुपारी तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला, थकलेला, वाकड्या मनगटाचा. हौस म्हणून ती आमच्या घरातली विळी चाकावर धरून बसली होती. तिने चाक थांबवलं नाही.

"आत या," ती म्हणाली. "हात तेवढे बाहेर ठेवून या."

तो पायरीवरच बसला.