वांग्याचं एक पान

दिग्रसच्या आमच्या भाड्याच्या घरामागं वांग्याची सात-आठ झाडं होती, पण त्यांचं एकही वांगं आम्ही धड खाल्लं नाही. पावडर मारायची नाही, अळ्या वेचायच्या नाहीत, असा यजमानांचा हुकूम. पाखरांनी खायचं काय मग? शेजारच्या मेकॅनिकची बायको कुंपणापलीकडून हसायची. "बाई, लोक कोंबड्या पाळतेत, तुमी किडे पाळून राह्यल्या!" मीही हसायची आणि आत येऊन भांडी आपटायची.

यजमान शाळेत मास्तर. मुंबईच्या काही पक्षीवेड्या मंडळींना दर महिन्याला पोस्टकार्डावर पक्ष्यांच्या नोंदी पाठवायची त्यांना हौस. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास त्यांच्या हृदयानं दगा दिला आणि ते खाटेला खिळले. खाट मी मागच्या खिडकीशी लावली. दिवाळी निघणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. यजमानांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं ठाऊक होतं.

श्रावणात शिंपी पक्ष्याची जोडी आली. खिडकीसमोरच्याच झाडाची दोन पानं तिनं शिवली, आत कापसाच्या जिनातून उडून कुंपणाला अडकलेली रुई भरली. पुढं तीन पिल्लं झाली. इतक्या वर्षांत यजमानांनी घरटी पुष्कळ पाहिली, पण पिल्लं बाहेर पडायच्या वेळी ते नेमके वर्गात असायचे.

"या खेपेला पाहूनच घेतो," ते म्हणायचे. पण घरट्याच्या तोंडावर वरचं एक मोठं पान लोंबत होतं. "ते पान आडवं येऊन राह्यलं वं," एवढंच एकदा कुरकुरले.

घरट्याजवळचं पान तोडायचं नसतं. हे मला त्यांनीच शिकवलेलं. तरी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी शिवणाची कात्री घेऊन गेले आणि ते पान कापलं. जागे झाल्यावर त्यांना पिल्लांच्या चोची दिसल्या. ते कितीतरी वेळ बघत होते, आणि मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. पिल्लं उडाली! मी कप तसाच टाकून हसत धावले.

यजमान अर्धवट उठून बसले होते. तोंडातून आवाज फुटत नव्हता म्हणून जीव खाऊन टाळ्या वाजवत होते. झाडावर भारद्वाज बसला होता. ज्याचं दर्शन शुभ म्हणून लोक हात जोडतात, तोच. मी बाहेर पोचेपर्यंत घरटं फाटलं होतं. शिंपीण कुंपणावर नुसती ओरडत होती.

 

महिनाअखेरीला कार्ड लिहायचं होतं. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीचं एक अक्षरही ते कधी लिहू देत नसत. त्या दिवशी म्हणाले, "लिही. वाऱ्याने पान गळून घरटे उघडे पडले. तीन पिल्ले भारद्वाजाने नेली."

माझा टाक थांबला. "वारा कुठं होता हो? ते पान तं मीच..."

"मले दिसलं ते सांगून राह्यलो. लिही ना वं."

मी लिहिलं. मग त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात खाली स्वतः सही केली.

दसऱ्याआधीच ते गेले. खोटं लिहिण्याऐवजी त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या, तर मी एव्हाना विसरलेही असते.