पटावरच्या तिघी

मास्तरणीला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पदराला आपोआप चिकटतात. वाडीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मला आठ वर्षं झाली, आणि सगळ्यात जास्त किस्से तिघींचे: गोदी, चंपी आणि सुली. तिघींचंही चित्त ठिकाणावर नसे. मोठ्या बाई म्हणत, "एकाच माळेचे मणी." मला ते कधी पटलं नाही.

*

गोदीच्या पायांत भिंगरी. बाराखडी सुरू झाली की ही दाराशी, संपेपर्यंत विहिरीशी. मी तिला वर्गात पाणी वाटायला लावलं, पाढे म्हणत म्हणत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ही शाळा आहे की पाणपोई?"

"तिचे वीसपर्यंत पाढे झाले, बाई. तुम्हीही पेलाभर घ्या."

*

चंपीची भिंगरी डोक्यात. कुणी चिडवलं की पाटी हाणायची, आणि मार खाणारीपेक्षा मोठ्यानं स्वतःच रडायची. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "बाई, मारा, पण काढू नका." मी दोन्ही केलं नाही. राग आला की पाटी माझ्याकडे आणून द्यायची, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सहा पाट्या आणल्या.

"बाकीच्या कुणाच्या गं?"

"त्यांनाही येणारच होता राग."

*

सुली मात्र गरीब गाय. पळणं नाही, मारणं नाही. तीन हाका मारल्या की एकीला ओ. कुणी तिच्यावर रागावत नसे, म्हणून कुणी तिच्याकडे बघतही नसे. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटे. 'मंद' असा एक शेरा पडला की पटावरून नाव जाणार, आणि पोर घरी धाकट्यांचा पाळणा हलवत बसणार. मी असेपर्यंत ते होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

*

शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. मोठ्या बाईंनी गोदी-चंपीला मागच्या भिंतीशी बसवलं आणि सुलीला अगदी पुढे. का, तर शांत बसते!

साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं, "सतराचा पाढा म्हण."

सुली आढ्याकडे बघत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग लेखणी शाईत बुडवली. "मंद दिसते."

मी त्यांच्या शेऱ्याच्या वहीवर हात ठेवला. "साहेब, तिला तिसऱ्यांदा विचारावं लागतं."

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग सुलीकडे. "सतराचा पाढा, मुली."

"सतरा वासे इकडे, सतरा तिकडे. सतरा दुणे चौतीस," सुली वर बघतच म्हणाली. "पण साहेब, तुमच्या डोक्यावरचा वाळवीनं खाल्लाय."

साहेब खुर्ची उचलून बाजूला झाले.